चार वीस आठ

त्या उन्हाळ्यात मोटरी अशा जळत होत्या, की मिस्त्रीच्या दारात चप्पल काढायला जागा उरली नव्हती. विहिरींचं पाणी तळाला गेलेलं. वीज यायची ती अर्धमेली, आणि आली की जो तो बटण दाबायला धावायचा. मोटर बिचारी ओढून ओढून किती ओढणार? तिच्या पोटातली तार तापायची, काळी पडायची, आणि मग धूर. तासाभरात तिला ट्रॅक्टरमागे टाकून आणायचे आणि शेडसमोर उतरवून म्हणायचे, "मिस्त्री, उद्या पाहिजे बरं का." उद्या सगळ्यांनाच पाहिजे असायची. परवा कुणालाच नको.

जळकी मोटर उघडली की आधी मेलेली तार बाहेर काढावी लागते. एका बाजूची टोकं छिन्नीने तोडायची आणि दुसऱ्या बाजूने पक्कडीत धरून, मोटरीला पाय लावून, ओढायची. ते काम मिस्त्रीचं. मग नव्या तारेची वेटोळी करायची. लाकडी फर्म्याचा दांडा फिरवायचा आणि वेढे मोजायचे. ते काम त्याच्या बायकोचं. ती सकाळी दवाखान्यात झाडलोट करायची आणि दुपारी घरी येऊन फर्म्यावर बसायची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. नवरा लाडात आला की तिला अंगठाबहाद्दर म्हणायचा. पण मोजण्यातली तिची चूक कुणी काढून दाखवावी! ती विसा-विसाने मोजायची. वीस झाले की एक नट डावीकडून उजवीकडे सरकवायचा. या भागात जी मोटर घरोघर होती तिला एका वेटोळ्यात अठ्ठ्याऐंशी वेढे लागत. चार नट सरकले की वर आठ. "चार वीस आठ," असं मोठ्याने म्हणून ती तार तोडायची.

तिसरं काम लेकीचं. ती वेटोळी मोटरीच्या खाचांत एकेक तार करून बसवायची. तार काठाला जराशी घासली तरी तिच्यावरचा लेप जातो, आणि लेप गेला की मोटर आठ दिवसांत परत दारात. अंगठ्याने दाबत, बांबूच्या पट्टीने सरकवत, मुंगीच्या पावलाने जायचं. जाड बोटांचं ते काम नव्हे. बाराव्या वर्षापासून ते तिच्याकडे होतं. शहरात राहून इंजिनिअर झाली तरी सुट्टीला आली की पिशवी टाकायची आणि खाचा भरायला बसायची. गाव तिला 'छोटे मिस्त्री' म्हणायचं आणि ती 'ओ' द्यायची.

आता ती परदेशी चालली होती. उन्हापासून आणि वाऱ्यापासून वीज कशी करायची, याचं पुढचं दोन वर्षांचं शिक्षण. शिष्यवृत्ती मिळाली होती, राहायची खोली ठरली होती. 'हाच विषय का?' असं अर्जात विचारलं होतं, तेव्हा तिने लिहिलं होतं की आमच्या घराला जळक्या मोटरींचा वास आहे, अंथरुणालासुद्धा आहे. उन्हावर चालणारी आणि न जळणारी मोटर मला आमच्या विहिरीवर बसवायची आहे.

"जिथं सहा महिने सूर्य तोंड दाखवत नाही तिथं ही ऊन शिकायला चालली," मिस्त्री गिऱ्हाइकांना सांगायचा. "आणि शिकून करणार काय? न जळणारी मोटर! म्हणजे बापाच्याच पोटावर पाय." हे तो दिवसातून चार वेळा सांगायचा, आणि सांगताना त्याची छाती फुगलेली असायची.

व्हिसाच्या ऑफिसात जायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचं लक्ष लेकीच्या हातांकडे गेलं. नखांत मोटरीला लावायचं वार्निश, बोटांच्या टोकांना काळा थर.

"असे हात घेऊन जाणार तू?"

"काय झालं हातांना?"

"अगं, साहेब लोक असतील तिथं. म्हणतील, ही शिकायला चाललीय का भट्टीवर? बस इथं."

त्याने थिनरमध्ये चिंधी बुडवली आणि लेकीचं एकेक बोट पुसलं. वरचा काळा थर गेला, आतला गेला नाही. मग त्याने पॉलिश पेपर घेतला. तारेच्या टोकावरचा लेप खरवडल्याशिवाय वीज पुढे जात नाही, म्हणून हा कागद त्याच्या खिशात कायम असे. त्याच कागदाने, त्याच नेटाने, जीभ दातांत धरून त्याने दहाही बोटं घासली. आईने गरम पाणी आणून दिलं. हात धुऊन पुसले तेव्हा बोटं गुलाबी निघाली होती आणि थोडी चुरचुरत होती.

"बघ, जणू कधी कामच केलं नाही," आई म्हणाली. तिघंही खूश झाली.

ऑफिस शहरात होतं. गार, पांढऱ्या भिंतींचं. मिस्त्रीला आत सोडलं नाही; तो फाटकाबाहेर उन्हात फाइलची रिकामी पिशवी धरून उभा राहिला. आत काचेमागच्या बाईने कागद पाहिले, हसून अभिनंदन केलं आणि म्हणाली, "उजव्या हाताची चार बोटं यंत्राच्या काचेवर ठेवा."

यंत्राचा दिवा लाल झाला.

बाईने काच पुसली. पुन्हा लाल. डावा हात, लाल. अंगठे, लाल. बाईने ओला रुमाल दिला, मग कसलंसं मलम दिलं, बोटं स्वतःच्या हाताने काचेवर दाबून धरली. मागच्या रांगेतला माणूस घड्याळाकडे बघत च्यक् च्यक् करत होता.

"काम काय करता?"

"इंजिनिअर आहे."

"मग बोटं अशी कशी? रेघाच नाहीत. गुळगुळीत झालंय सगळं. काही घासलं होतं का?"

तिने हात मागे घेतले. तिला बाजूला बसवलं. पहारेकरी येऊन तिचे हात बघून गेला, चोरीचा माल बघावा तसा. शेवटी बाईने एक चिठ्ठी दिली. एकोणीस दिवसांनी परत यायचं. त्यानंतरची तारीख मिळून उपयोग नाही, कॉलेज सुरू होतं आणि जागा दुसऱ्याला जाते. "तोपर्यंत हात जपा," बाई म्हणाली. "रेघा परत येतात. फक्त कशालाही हात लावू नका."

फाटकाबाहेर मिस्त्री घामाने भिजला होता. "झालं?"

"बोटांचे ठसे येत नाहीत, अप्पा. कामाने झिजलेत."

त्याने तिच्या हातातली फाइल घेऊन पिशवीत घातली. बस निघाली, शहर मागे पडलं, तेव्हा म्हणाला, "कामाने नाही. थोड्या तरी रेघा उरल्या असतील. मी काल घासून काढल्या."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे," तो म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण तोंड वेडंवाकडंच झालं. खिशातला पॉलिश पेपर काढून त्याने खिडकीबाहेर टाकला.

घरी कायदा झाला. लेकीने तारेला हात लावायचा नाही, थिनरला नाही, भांड्यांना नाही, झाडूला नाही. आईने शेडच्या कोपऱ्यात खुर्ची ठेवली आणि तेलाची वाटी दिली. दिवसातून तीनदा बोटांना तेल लावायचं आणि बसायचं. हातावर हात ठेवून बसणं म्हणजे काय असतं, ते तिला जन्मात पहिल्यांदा कळलं. समोर बाप जळकी तार ओढतोय, त्याच्या पाठीवरून घामाचे ओघळ चाललेत, आणि आपण तेल चोळतोय. तिला स्वतःचाच राग यायचा.

खाचा भरायला मिस्त्री स्वतः बसला. त्याची बोटं जाड, आणि डोळ्यांत पडदा येऊ लागलेला. बारीक तार त्याला दिसायची नाही, तो ती चाचपून ओळखायचा. पूर्वी ते चालून जायचं, कारण शेवटी लेक बघायची. आता तो तिला बघूही देईना. "तू वाकलीस की तुझा हात पुढे येतो. माहीत आहे मला. लांब बस."

चौथ्या दिवशी बागवाल्याची मोटर बांधून गेली. सातव्या दिवशी परत आली. बागवाला मऊ बोलणारा माणूस होता, त्या दिवशी नव्हता.

"मिस्त्री, झाडं वाळतायत माझी. आता काय बाटलीने पाणी घालू?"

"बघतो. टोक लागलं असेल कुठं तरी."

"बघता कुठं? दिसतं का तुम्हाला?" त्याने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे हात केला. "आणि छोटे मिस्त्री तिथं महाराणीसारख्या बसल्यात! हात काय गहाण टाकलेत?"

मिस्त्रीने मान खाली घातली. वीस वर्षांत त्याच्या हातची मोटर परत आली नव्हती असं नाही, पण तेव्हा तो भांडायचा, वीज वाईट, विहीर वाईट, तुमचा स्वभाव वाईट म्हणायचा. आता म्हणाला, "माझं चुकलं. उद्या देतो."

लेक खुर्चीतून उठली. "अप्पा, द्या इकडे. एक मोटर भरली तर काही होत नाही."

"बस," आई म्हणाली.

ती दवाखान्यातून नुकतीच आली होती. पदर खोचून ती मोटरीसमोर मांडी घालून बसली आणि बांबूची पट्टी उचलली. "मला सांग, कसं करायचं ते. माझी बोटंही काही केळ्याएवढी नाहीत."

"आई, तुला जमणार नाही."

"तुला बाराव्या वर्षी जमलं. मला पन्नासाव्या वर्षी जमेल. सांग."

मग लेक खुर्चीत बसून सांगू लागली आणि आई करू लागली. "तार ताठ धर. अंगठा सपाट ठेव, नख नको. एका वेळी दोन घे, तीन नको. काठाला लावू नकोस." आई घामाघूम. "उंटावरून शेळ्या हाकतेस, पण बऱ्या हाकतेस," ती म्हणाली, आणि लेकीला हसू आलं. पहिली खाच भरायला अर्धी दुपार गेली. तार निसटून नखाखाली घुसली. आईने बोट तोंडात घातलं, चोखलं, पदराला पुसलं आणि पुढची तार घेतली. एकदाही 'आई गं' म्हणाली नाही. बागवाल्याची मोटर दोन दिवसांनी गेली आणि परत आली नाही.

त्यानंतर ते कामच तिचं झालं. सकाळी दवाखान्यात ती संडासांवर ॲसिड ओतून फरशा घासायची, दुपारी थिनरने खाचा पुसून तार दाबायची. वेढे मोजायला मिस्त्री बसला. तो मोजताना हरवायचा, मग ती खाली मान घालून तार भरता भरता त्याचेही वेढे मोजायची. "तीन वीस सहा चाललंय तुमचं, सात नव्हे." तिच्या अंगठ्याचं पेर सुजलं, मग घट्ट झालं. कडेची कातडी फाटायची, तिच्यावर ती वार्निशचा थेंब सोडायची. मोटरीला चालतं ते मला का चालू नये, म्हणायची.

आणि पहिल्या दिवसापासून, संध्याकाळ झाली, की अंगणात उजेड असेपर्यंत ती लेकीला समोर बसवायची आणि तिची बोटं हातात घ्यायची. आपल्या अंगठ्याने लेकीच्या बोटांची टोकं हळूहळू चोळायची, डोळे मिटून. डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता, अंगठ्यावर होता. आयुष्यभर सही म्हणून तोच उठवला होता.

पाचव्या दिवशी म्हणाली, "जराशी खरखर लागतेय."

आठव्या दिवशी, "करंगळीला आल्या बघ. पेरलेलं उगवावं तशा."

मिस्त्री मोटरीतून मान काढून विचारायचा, "अंगठ्याला?"

"येतायत, येतायत. तुम्ही तार ओढा."

बाराव्या दिवशी ती नुसतीच चोळत राहिली. "आज नीट कळत नाही. तेल जास्त झालं असेल. तेल बंद कर."

तेल बंद केलं. पंधराव्या दिवशी ती म्हणाली, "कालच्यापेक्षा कमी झाल्यात का गं?" सतराव्या दिवशी तिने काहीच सांगितलं नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी तिने दहाही बोटं दोन-दोनदा चोळली. शेवटी लेकीचे हात तिच्याच मांडीवर ठेवून दिले.

"काही लागत नाही," ती म्हणाली. "गुळगुळीत आहे."

मिस्त्रीने लेकीची बोटं डोळ्यांजवळ नेली. त्याला धुरकट गुलाबी तेवढं दिसलं. लेकीला रेघा दिसत होत्या, पण त्या खरोखर आहेत, की असाव्यात असं वाटतं म्हणून दिसतात, हे तिला कळेना. आईचा अंगठा आजवर चुकला नव्हता. त्या संध्याकाळी जेवण कुणाला गेलं नाही. मिस्त्री एवढंच म्हणाला, "त्या कागदाने मी पोरीचं नशीबच घासून काढलं." आणि उठून अंगणात जाऊन बसला.

ऑफिसातली बाई तीच होती. "या," ती म्हणाली, "ठेवा चार बोटं."

लेकीने डोळे मिटले.

"डावा हात."

तिने डोळे उघडले. दिवा हिरवा होता. डावा हात, हिरवा. अंगठे, हिरवा.

"झालं. या तुम्ही."

"आले?"

"आले की. चांगले ठसठशीत आलेत."

"परत एकदा बघता का?"

बाई हसली. "किती वेळा बघू?" मग तिने एक छापील कागद पुढे केला. "हे वाचा. तिथं उतरल्यावर पुन्हा बोटं तपासतात. हे ठसे आणि ते ठसे जुळले पाहिजेत. तेव्हा आणखी पंधरा दिवस हात असेच सांभाळा."

फाटकाबाहेर मिस्त्रीने तिचा चेहरा पाहिला आणि पुढचं विचारलंच नाही. तो रस्त्याच्या कडेला दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. जाणारे-येणारे बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं.

बसमध्ये लेक आपल्या अंगठ्याकडे बघत होती. उन्हात धरला की एकेक रेघ मोजता येत होती. "अप्पा," ती म्हणाली, "मग आईला का नाही लागल्या?"

मिस्त्रीचं डोकं खिडकीला टेकलं होतं. त्याला झोप लागली होती, कित्येक दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांचा दाखला हवा होता, कॉलेजने मागितला होता. ती सकाळीच दवाखान्यात गेली. दारातून आत शिरली आणि तिथंच थांबली. कारकुनाच्या टेबलावर हजेरीचं यंत्र होतं आणि आई त्याच्यापुढे वाकून उभी होती. तिने अंगठा ठेवला. यंत्र टूं टूं वाजलं. तिने अंगठा पदराला घासला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. पुन्हा टूं टूं. मागे दोन नर्स उभ्या होत्या.

"मावशी, सोडा आता, लोकांना येऊ द्या," कारकून म्हणाला. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "रोज तेच. मी काय करू? मी तुम्हाला बघतोय हो, पण यंत्र म्हणतंय की ही बाई येतच नाही."

"आज येईल असं वाटलं होतं, दादा. काल थिनर नव्हतं लावलं."

"नऊ दिवस गैरहजेरी लागलीय. वरून विचारणा झाली. एक तारखेपासून दुसरी बाई येतेय, तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगितलं," आई म्हणाली. "तोवर झाडते की. घाण का ठेवायची?" तिने बादली उचलली, वळली आणि लेक दिसली.

दोघी मागच्या नळाजवळ गेल्या. लेकीने आईचा हात धरून उलटा केला. अंगठा फुगलेला, पिवळट, चकचकीत. वार्निश मारलेल्या लाकडासारखा. लेकीने त्याच्यावरून आपलं बोट फिरवलं. एकही रेघ नव्हती.

"माझ्या हाताला रेघा होत्या, आई. तुलाच कळत नव्हतं."

"हो ना," आई म्हणाली. "मला वाटलं तुझं नशीब फुटलं. अंगठाच मेला होता होय!" तिला खरंच हसू आलं. "जीव भांड्यात पडला बघ माझा काल."

"नोकरी गेली तुझी. सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय केलं असतंस? उठली असतीस आणि तार धरली असतीस."

लेक तशीच वळली. घरी गेली आणि सरळ मोटरीसमोर बसली. अर्धी भरलेली होती. तिने बांबूची पट्टी उचलली, एक तार चिमटीत धरली. मिस्त्री "अगं, अगं" करत होता. तिने मान वर केली नाही. दोन खाचा भरून झाल्या तोवर आई आली. तिने दारातूनच पाहिलं, पायातली चप्पलही न काढता आत आली आणि लेकीच्या मनगटावर फाडकन मारलं. पट्टी लांब उडून पडली. लहानपणीसुद्धा तिने कधी हात उगारला नव्हता.

"हात लावायचा नाही!" ती ओरडली. "माझा अंगठा गेला तो कशासाठी गेला? तुझाही घालवायचाय? दोघींचे घालवून बस मग इथंच, खाचा भरत!"

"तू एकटी किती भरशील?"

"भरीन. अंगठ्याला आता दुखतसुद्धा नाही." मग ती खाली बसली, आणि तिचा आवाज उतरला. "तू गेलीस तर काही तरी झालं म्हणता येईल. नाही गेलीस तर नुसतं गेलंच."

लेक उठून खुर्चीत बसली. उरलेले दिवस ती तिथंच बसून होती. आईच्या पाठीला मागून बघत होती. माणसाला एवढी मोठी शिक्षा कुठलाही न्यायाधीश देत नसेल.

जायच्या दिवशी आईने तिला जवळ घेतलं, पण तळहाताने. बोटं तिने वर उचलून धरली होती. "खरखरीत आहेत, गालाला लागतील," म्हणाली. मिस्त्री विमानतळापर्यंत गेला. आई गेली नाही, तीन मोटरी उद्या पाहिजे होत्या.

परदेशात उतरल्यावर काचेमागच्या माणसाने काही न बोलता यंत्राकडे बोट केलं. लेकीने हात ठेवला, दिवा हिरवा झाला, माणसाने शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. एवढंच होतं ते. तिला वाटलं होतं, काही तरी वाटेल.

महिन्याभराने एका सकाळी तिने घरी फोन लावला. कॉलेजच्या आवारात धुकं होतं, घरी दुपार होती. मिस्त्री बाहेर मोटर बसवायला गेला होता, म्हणून फोन आईने धरला, तोंडाच्या फार जवळ, त्यामुळे नुसतं कपाळ दिसत होतं.

"ऊन आहे का गं तिथं?"

"नाही. धुकं आहे."

"मग शिकवतात काय?" आई हसली. "इकडं ये म्हणावं त्यांना. पोत्याने देऊ."

"आई, डोळ्यांचं काय झालं अप्पांच्या?"

"बघू, पाऊस लागला की. आता कामं आहेत. बागवाल्याची दुसरी आलीय." मग ती म्हणाली, "बोटं दाखव."

लेकीने बोटं पुढे धरली. आईने फोन लांब केला, जवळ केला. "छान. थंडीने फुटू देऊ नकोस. बरं, ठेवते मी."

ती फोन बंद करू लागली. लेकीला तिचा अंगठा मोठा होऊन पुढे येताना दिसला. दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. तर्जनीने दाबलं. पदराला पुसून दाबलं.

"हाही ओळखेना मला," आई पुटपुटली. "राहू दे. होईल आपोआप बंद."

तिने फोन फळीवर ठेवला. आता लेकीला शेडचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, त्यातलं एक भोक आणि भोकातून आलेली उन्हाची तिरीप. आई दिसत नव्हती. फर्म्याचा दांडा करकरायला लागला, आणि मग तिचा आवाज आला. एक, दोन, तीन. वीस झाले, नट सरकल्याचा खट् आवाज झाला. एक वीस एक, एक वीस दोन.

तासाची घंटा झाली. मुलं तिच्या बाजूने आत गेली. ती बाकावर बसून राहिली, फोन समोर धरून, आणि ओठांतल्या ओठांत आईबरोबर मोजू लागली. "चार वीस आठ," आई मोठ्याने म्हणाली, आणि तार तोडली. लेकीचा अंगठा लाल बटणावर होता. तिने तो दाबला नाही. तिकडे आईने नवी तार लावली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.